हयात माणसांची नोटीस

सकाळ नेहमीसारखीच होती. धाकटी सून चहा गाळत होती आणि थोरला दीर पेपर चाळत होता. नवरा आजारपणात गेल्यापासून खालचे चष्म्याचे दुकान तीच उघडत असे, काड्यांचे बारीक स्क्रू तीच बसवत असे. पण घरात शब्द चाले तो दिराचा. त्याने घसा साफ केला आणि कोर्टाच्या हुकमावरून स्वतःच पेपरात दिलेली नोटीस मोठ्याने वाचली. तमाम लोकांस कळविण्यात येते की, मयताच्या दुकानास व वरील खोल्यांस अर्जदार भावाखेरीज अन्य वारस नाही. कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी, अन्यथा हरकत नाही असे समजले जाईल.

वाचून झाल्यावर त्याने कप पुढे केला. वारस नसलेल्या त्या बाईने त्यात चहा ओतला.

"भाऊजी, माझं नाव राहिलं का?" तिने चाचरत विचारले.

"राहिलं नाही, घातलं नाही. बायकांची नावं असल्या कागदांवर आणायची आपल्याकडे रीत नाही. बाबा गेले तेव्हा आईचं तरी कुठे घातलं होतं? तिचं काही अडलं का?"

आईचे काय अडले ते मागच्या बोळात डोकावले की दिसे. सासूबाई तिथे पाण्याच्या पिंपाला खेटून टाकलेल्या कॉटवर निजत. दुसरा कप चहा हवा असला तर आधी थोरल्याचा चेहरा बघत. पिंपाच्या पलीकडे अजून एक कॉट मावेल, हे सुनेच्या ध्यानात आले.

आपण मात्र अशा बायकांना समजूतदार म्हणतो. बाईने हूं की चूं केले नाही, असे कौतुकाने सांगतो. तिची छाती झाली नाही, हे आपल्याला ठाऊक असते. पण ते बोलून दाखवणे आपल्या सोयीचे नसते.

त्या दिवसापासून तिच्या हातून स्क्रू निसटू लागले. हरकत घेणाऱ्याला या घरात थारा नाही, असे दीर तिला ऐकू जाईल अशा बेताने आईला सांगत असे. माहेरी परतावे तर तिथे कोणी उरले नव्हते. मुदत संपत आली तेव्हा मात्र तिने भरदुपारी शटर ओढले आणि कोर्ट गाठले.

टेबलामागच्या अधिकारी बाईंनी तिची हरकत लिहून घेतली. मूलबाळ नाही, हेही लिहिले.

"मयताची आई हयात आहे?"

"आहेत की."

"मग त्याही वारस आहेत. त्यांचं नाव का नाही सांगितलंत?"

तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दिराने हिला वगळले होते आणि हिने सासूला! नाव काय, असे बाईंनी विचारले, तर तेही तिला सांगता येईना. इतकी वर्षे एका चुलीवर जेवून तिने त्यांना आई याखेरीज दुसरे काही म्हटले नव्हते. सगळ्या वारसांसह नोटीस पुन्हा छापावी लागेल, उद्या नाव घेऊन या, असे बाई म्हणाल्या.

ती परतली तेव्हा दीर दारातच उभा होता. दुकान कोणाला विचारून बंद केलेस, असे त्याने दरडावले.

"कोर्टात गेले होते. हरकत घेतली."

"मग सामान बांध."

ती त्याला वळसा घालून मागच्या बोळात गेली आणि कॉटच्या कडेला बसली. दीर पाठोपाठ आलाच.

"आई, तुमचं नाव काय हो? तुम्हीही वारस आहात. कोर्टात सांगायचंय."

सासूबाईंनी घाबरून मुलाकडे पाहिले.

"आई, तू यात पडू नकोस," तो म्हणाला.

म्हातारीने नाव सांगितले, पण इतके हळू की सुनेला कान जवळ न्यावा लागला. जरा वेळाने कॉटची पट्टी धरून ती उठून बसली आणि मुलाकडे बघत तेच नाव तिने पुन्हा सांगितले, या खेपेला आडनावासकट.