बारा पावलं तार

चर बघूनच म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं. जन्मभर त्यानं विहिरी खणल्या, पण इतकं घाणेरडं काम पाहिलं नव्हतं. मुकादमाच्या माणसांनी काचेच्या धाग्याची तार चरात सैल फेकली होती, वर ढेकळं लोटली होती, आणि आता ती माणसं विड्या ओढत बसली होती.

खाणीतल्या सुरुंगांनी वस्तीची जमीन हादरते की नाही, हे ती तार सांगणार होती. तारेनं नाही म्हटलं, की खाण आणखी अलीकडे सरकणार आणि वस्तीला पाणी देणारी, म्हाताऱ्याच्या हातची विहीर ढासळणार. तिचे दोन दगड आधीच सुटले होते.

"अरे, मातीनं घट्ट धरल्याशिवाय तारेला हादरा कळेल कसा?"

"आजोबा, तुम्ही तुमची विहीर बघा," मुकादम म्हणाला. "उद्यापर्यंत तार गाडा, एवढंच मला सांगितलंय."

"शी! कामाची लाज म्हणून नाही!" म्हातारा थुंकला आणि त्यानं म्हातारीला हाक मारली. दोघांनी विहिरीजवळचा बारा पावलं चर उकरला, तार तळाशी बसवली, माती ओली केली आणि जड लाकडी धुमसानं चोपली.

"माझ्या चुलीपुढची भुई कधी एवढी चोपली नाहीत हो," म्हातारी कुरकुरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरुंग उडाला. विहिरीशेजारच्या तंबूत, हादरे मोजायला आलेल्या साहेबाच्या संगणकावर बाकी सगळी तार गप्प होती. बारा पावलांत मात्र रेघा थयथयाट करत होत्या.

"बघा! बोलली की नाही?" म्हातारा हरखला.

"इथे कुणी हात लावला?" साहेबानं विचारलं.

"मी. चोपून बसवली. बाकीचीही तशीच बसवा साहेब, दोन दिवसांचं काम."

"रिपोर्ट आजच जायचाय, बाबा. एवढी लांब तार शांत, आणि तुमचाच तुकडा ओरडतोय. म्हणजे बिघाड तिथेच. तेवढा वगळू."

मुकादमानं लगेच मान डोलावली. नाचता येईना अंगण वाकडं. आणि वाकडं कुठलं, तर नीट सारवलेलं तेवढंच! म्हाताऱ्याला दोघांची किळस आली. त्यांच्याशी वाद घालायचीही त्याला शिसारी आली.

इतक्यात दुसरा सुरुंग उडाला. विहिरीत काहीतरी धबकन कोसळलं. साहेब दचकून उठला.

"कसला आवाज झाला?"

"काही नाही, साहेब," म्हातारा धुमस खांद्यावर टाकत म्हणाला. "तेवढा वगळा."