दानाच्या पॅडला भोक पाडायचं नसतं

मी एक जुना पॅड आहे. बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर पायाला बांधतो तो, आणि त्यातही डाव्या पायाचा. माझा उजवा भाऊ शेजारीच आहे, पण तो जन्मापासून घुम्या, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं. मित्रांनो, तुम्ही बर्फ पाहिला असेल तो मासळीच्या टेम्पोत, नाहीतर गोळ्याच्या गाडीवर. माझा जन्म झाला त्या मुलखात माणसं बर्फावर धावतात, आपटतात आणि वर हौस म्हणून टाळ्याही वाजवतात. आवड एकेकाची.

माझ्या पोटात फोम, वरून जाड पांढरं कातडं, मागे पट्टे आणि बकलं. गुडघ्याच्या जागी एक खोलगट गादी आहे, तिला मी वाटी म्हणतो. गोलकीपर रबराची चकती अडवायला गुडघ्यावर बसला की त्याचा गुडघा नेमका त्या वाटीत पडला पाहिजे. पडला, तर दगडावर आदळला तरी त्याला कळत नाही. चार बोटं इकडेतिकडे झाला, तर मी पॅड उरत नाही, पायाला बांधलेला ओंडका होतो. म्हणूनच कारागिरांनी ती वाटी शिवून टाकली नाही, नुसती दोरीनं ओवली. दोरी सोडायची, वाटी खालीवर सरकवायची, पुन्हा ओवायची. पाय सगळ्यांचे सारखे नसतात एवढी अक्कल त्यांना होती.

माझा पहिला मालक ताडमाड उंच होता. दुकानदारानं त्याला बूट चढवून बसवलं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टेप लावली, मग उठवलं, बसवलं, पुन्हा उठवलं. घरी नेल्यावरही तो कितीतरी दिवस माझे पट्टे सैल कर, घट्ट कर असं करत होता. बर्फावर मला जरा सैलच बांधतात, म्हणजे गोलकीपर बसला की मी त्याच्या पायाभोवती फिरून तोंड समोर ठेवतो. असे माझे लाड. पुढे त्याचं खेळणं सुटलं आणि मी माळ्यावर गेलो.

त्याच सुमारास मुंबईच्या एका संस्थेनं तळासरीकडच्या आश्रमशाळेसाठी हॉकीचं सामान मागितलं. इथली हॉकी मुरमाच्या मैदानावर चेंडूनं खेळतात, तिथली बर्फावर चकतीनं. पण हॉकी म्हणजे हॉकी, असं मागणाऱ्यालाही वाटलं आणि देणाऱ्यालाही. मी आलो.

शाळेत माझं स्वागत मात्र दणक्यात झालं. खेळाचे शिक्षक धनेश सर यांनी मला हळदकुंकू लावलं. नारळ माझ्या बकलावरच फोडायला निघाले होते, पण स्वयंपाकघरातल्या हिराबाईनं वेळेवर पायरीचा दगड दाखवला. मग सरांनी हाक मारली, "निलम, ये. नशीब काढलंस पोरी. परदेशी पॅड आहेत."

निलम शाळेची गोलकीपर. दहावीत होती, हाडापेरानं काटकुळी, पण चेंडू येताना डोळे न मिटणारी. तिची आई कमळी सरावलीच्या चिकूवाडीत मजुरीला जायची. निलमनं स्वतःसाठी पॅड केले होते. फाटक्या चटईचा स्पंज सिमेंटच्या गोणीत भरलेला, वर झाईच्या किनाऱ्यावरच्या होडीवरून आणलेली जाळ्याची दोरी. दिसायला अगदी दरिद्री. पण मी कोपऱ्यात पडल्या पडल्या पाहिलं, ते ध्यान तिच्या पायाला असं बसलं होतं की आमच्या दुकानदारानंही मान डोलावली असती.

त्या महिन्यात डहाणूला निवड चाचणी होती. निवडलेल्या मुलींना पुण्यात वसतिगृह, जेवण आणि कॉलेजापर्यंतचं शिक्षण. न निवडल्या त्यांना वाट ठाऊक होतीच. गावातून पहाटे कंपनीचा टेम्पो निघायचा आणि मुलींना भरून गुजरातच्या हद्दीत कामाला न्यायचा. कमळीनं लेकीला सांगून ठेवलं होतं, "निवडलीस तं शिक. नाय तं टेम्पोत बस. माझ्यानं दोन्ही होयाचं नाय."

निलमनं मला बांधलं. माझी वाटी तिच्या मांडीवर आली आणि तिचा गुडघा वाटीच्या खाली, नुसत्या पट्ट्यावर. पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी आत तिचा अख्खा हात जात होता. चार पावलं चालली आणि मी गर्रकन फिरून तिच्या पोटरीमागे गेलो. मुली खो खो हसल्या. हर्षदा नावाची बचावपटू तर म्हणाली, "अगं, पाय पुढं चाललेत का मागं?"

निलम हसली नाही. तिनं मला उलटं केलं, माझ्या दोऱ्या चाचपल्या आणि थोड्या वेळात तिला सगळं उमगलं.

"सर, ही गादी दोरीनं बांधलीय. सोडून खाली घेतली नि पट्ट्याला पुढं दोन भोकं पाडली तं बसंल."

"वेड लागलंय का?" सर म्हणाले. "दानाची वस्तू आहे. देणाऱ्यानं विश्वासानं दिलीय. आज भोकं पाडशील, उद्या कात्री लावशील. संस्थेच्या चंद्रिका मॅडम चाचणीला येणार आहेत, त्यांना काय तोंड दाखवू?"

"मॅडमला विचारून पाडू."

"अशा गोष्टी विचारतात का कुणी? दान घेताना खोड काढायची नसते."

"मग मी माझे जुने बांधते."

"ती गोणपाटं? फोटोत?"

त्या संध्याकाळी सरांनी तिचे पॅड हिराबाईला दिले आणि म्हणाले, चुलीत घाल. हिराबाई दोनदा म्हणाली, "सर, राहू द्या, पोरीनं हातानं केलंय." सरांनी स्वतःच आत सरकवले. स्पंजचा काळा धूर निघाला, भाताला वास लागला आणि मुलींनी त्याबद्दलही निलमलाच बोल लावले. तिनं ताट तसंच ठेवलं आणि पाणी पिऊन उठली.

मित्रांनो, धनेश सर वाईट होते असं मी म्हणत नाही. ते मला रोज ओल्या फडक्यानं पुसायचे. निलमच्या घोट्यावर बकलानं सोलून काढलेली कातडी मात्र त्यांना दिसली नाही. निलम मांडी आणि वाटी यांच्यामधल्या जागेत जुन्या साडीचे बोळे कोंबायची, मला वरून सुंभानं आवळायची. आवळलं की पायाला मुंग्या यायच्या, सैल केलं की मी फिरायचो. सर म्हणायचे, "सवय होते. तुम्हा लोकांना चांगल्या वस्तूची सवयच नसते."

चाचणीच्या दिवशी सुंभ काढायला लावलं. फोटोत बरं दिसत नाही म्हणून. चंद्रिका मॅडमनी तिला गोलच्या मध्ये उभं केलं, मला समोर वळवलं आणि मोबाइलवर फोटो काढला. "वा, काय शोभतेय!" म्हणाल्या. त्या फोटोत निलम खरंच शोभून दिसते. उभ्या माणसाला कुठलाही पॅड बसतो.

पहिले दोन चेंडू तिनं काठीनं अडवले. निवड करणाऱ्या गृहस्थांनी मान वर करून पाहिलं, एवढं बरं खेळली. तिसरा चेंडू डावीकडे जमिनीलगत आला. तिनं पाय टाकला आणि मी फिरलो. माझं बकल भावाच्या पट्ट्यात अडकलं. शरीर डावीकडे गेलं, पाय तिथंच राहिला आणि गुडघा मुरमावर आदळला. वाटी होती, पण ती मांडीवर होती. आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. तो मैदानात कुणाला ऐकू गेला नाही, मला गेला, कारण मी त्या पायालाच होतो.

"म्हैस बसली, म्हैस!" कडेच्या पोरांनी आरोळी ठोकली.

"ऊठ, नाटकं नकोत," सर ओरडले. "मॅडम बघतायत."

ती उठली. मला अजून समजत नाही कशी उठली. दात आवळून गोलमध्ये उभी राहिली आणि पुढचे सगळे चेंडू तिच्या बाजूनं आत गेले. ती एकाकडेही वाकली नाही. गृहस्थ सरांना म्हणाले, "पोरीत धमक होती. पण आयत्या वेळी घाबरली. पाय उचलत नाही." सर म्हणाले, "तेच ना. एवढं साहित्य देऊन काय उपयोग?"

गुडघा कलिंगडाएवढा सुजला. डॉक्टरांनी आतलं लिगामेंट तुटल्याचं सांगितलं, मोठ्या शहरात ऑपरेशन करा म्हणाले. कमळीकडे तेवढे पैसे नव्हते, तिनं लेकीला रिक्षात घालून घरी नेलं. दहावीच्या परीक्षेला ती घरूनच गेली. हर्षदाची निवड झाली, आणि तिकडं संस्थेच्या छापील पत्रकावर निलमचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, आमच्या मदतीनं उभी राहिलेली गोलकीपर.

त्या पत्रकावर मॅडम इतक्या खूश झाल्या की आम्हा दोघांना शाळेच्या दारात मांडून ठेवायचं ठरलं. सरांनी बांबू आणि भाताचा पेंढा घेऊन एक बाहुला केला, त्याला शाळेचा टीशर्ट घातला आणि मला बांधलं. बाहुल्याच्या बारीक पायावर मी घसरून खाली बसलो. बाहुला बुटका, म्हणून जमिनीला टेकूनही माझी वाटी त्याच्या कमरेला लागली. सरांनी डोकं खाजवलं आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, जरा भोकं पाडावी लागतील. चालेल ना?"

फोनचा आवाज मोठा होता. "अहो, पाडा की! त्यात विचारायचं काय? आणखी काय बदलायचं ते बदला. वापरायलाच दिलंय."

सरांनी हिराबाईच्या चुलीत दाभण लाल केलं. पट्ट्याला चर्र करून भोकं पडली. दोरी सुटली, वाटी खाली आली. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ गेला असेल.

तेवढ्यात निलम आणि कमळी आल्या. वसतिगृहातली पेटी न्यायला. निलम काठी टेकत होती, खेळायची नव्हे. दारातच ती थांबली आणि बघत राहिली.

"सर, भोकं पाडली?"

"मग? सैल दिसत होतं. बरं दिसत नव्हतं."

कमळी म्हणाली, "पोरीला पाडली असती तं?"

सर पट्टा ओढत राहिले. निलम दुखरा पाय लांब ठेवून कशीबशी जमिनीवर बसली. तिनं वाटी दोन बोटं आणखी खाली घेतली, दोरी ओवली, नव्या भोकात बकल लावलं आणि बांबूच्या पायाला हलवून पाहिलं. मी फिरलो नाही. जन्मात इतका नेमका मी कुणाला बसलो नसेन.

"गुडघा इथं यायला पायजे, सर."

"शाब्बास!" सर म्हणाले. "तुला यातलं चांगलं कळतं."

कमळीनं पेटी डोक्यावर घेतली आणि दुसऱ्या हातानं लेकीला उठवलं. दोघी फाटकाबाहेर गेल्या. हिराबाई सांगत होती, दुसऱ्या दिवशीपासून पोर टेम्पोनं जाते म्हणून. बसून करायचं काम मिळालंय.

मी अजून दारात आहे. पाहुणे येतात, माझ्यावरून हात फिरवतात, माझी निगा किती छान राखलीय म्हणून सरांची पाठ थोपटतात. मित्रांनो, असली निगा मला नको. मला या पेंढ्यावरून काढा. ज्याला खेळायचं असेल त्याचा पाय आधी मोजा, मग माझे पट्टे कापा, दोऱ्या सोडा, हवी तेवढी भोकं पाडा, आणि दात्याला काय वाटेल याचा विचार करत बसू नका. मला दाभण दुखत नाही. दुखतो तो पाय.