भांगाचं पाणी

रविवारी सकाळी पनवेलच्या वाचनालयात तेरा माणसं गोष्ट रचायला जमली होती. पन्नास वर्षांनंतरचं पनवेल कसं असेल, ते प्रत्येकाने एकेका वाक्यात सांगायचं आणि अवधूतरावांनी भिंतीवरच्या मोठ्या कागदावर उतरवायचं. अवधूतरावांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. म्हणून कार्यक्रम घेणाऱ्या मितालीने त्यांना लिहायचं काम दिलं.

विश्वजीतने आपल्या वाक्यात मॉलच्या गच्चीवर भात लावला. इराने रिक्षास्टँडवर होड्या आणल्या. टाळ्या पडल्या. मग पाळी आली गंगाबाईंची. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून मासळी विकायला येणाऱ्या या बाई टोपली दाराशी ठेवून बसल्या होत्या.

"भांगाचं पानी माज्या चुलीत आलं."

"मावशी, भांग कोण प्यायलं?" विश्वजीत म्हणाला. खोलीभर हशा पिकला.

अवधूतरावांचा हात सवयीने चालला. 'उधाणाचं पाणी चुलीत येईल.' शब्द सुधारला, काळही सुधारला. मितालीने ते मोठ्याने वाचलं.

"उधानाचं नाय वो दादा," गंगाबाई उठल्याच. "उधानाला आमी चूल माळ्यावरच चढवतो, भांगाला खाली उतरवतो. सासूपासून असंच चाललंय. आता भांगालापन पानी आलं, मंग चूल उतरवायची कवा? आनि येईल नाय, आलं. गेल्या अष्टमीला."

अवधूतरावांना शाळेतला भूगोल आठवला. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, सगळ्यात मोठी. अष्टमीला भांगाची, सगळ्यात लहान. त्यांचे कान तापले.

"पोऱ्या माजा, भावेश, बोलतो, आये, तू तिथी चुकलीस, उधानच व्हतं. न्हावा शेव्याला कंटेनरवर कामाला हाय तो. त्याला शिफ्ट कळते, तिथी नाय. नातू माजा खाली जमिनीवर निजतो. चार शिकल्या मानसांनी लिवलं तर भावेश मानंल, घर सोडील, म्हनून आले."

"मस्तच मावशी," मिताली म्हणाली, "पण आपली गोष्ट फ्यूचरची आहे ना. फ्लो तुटेल." तिने कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकलासुद्धा.

चूक माझी आहे, एवढंच अवधूतरावांना म्हणायचं होतं. तोवर लोक चहाकडे वळले. अवधूतरावांनी वहीचं पान फाडलं, गंगाबाईंचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहिलं, खाली सही केली आणि दाराशी जाऊन त्यांच्या हातात दिलं.

"यात भांगच हाय ना?"

"हो. भांगच. आणि आलं."

गंगाबाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"तेवढ्या मोठ्या कागदावर उधान, नि चिटोऱ्यावर भांग. तो फोटू मोबाईलवर फिरनार. पोऱ्या कुनाचं खरं मानंल, दादा?"

चिठ्ठी कमरेला खोचून गंगाबाईंनी टोपली डोक्यावर घेतली.

"परवा अष्टमी हाय," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.