तिरका पट्टा

अहो, जरा खाली बघा. गेरूच्या डब्यातून बोलतोय तो मी, कुंचा. दांडा कडुलिंबाचा, केस केकताडाच्या पानांतून काढलेल्या वाखाचे आणि स्वभाव चौकस. कुंचा म्हणजे रंगात बुडवायचा आणि फिरवायचा, एवढंच माणसांना ठाऊक. पण कोपऱ्यात पडून राहणाऱ्याला घरातलं सगळं ऐकू येतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

माझा जन्म जुन्या जालन्यातल्या एका बोळातला. तिथं कमरबींच्या अंगणात मोठा लिंब आहे. झाडांच्या कामाचा धंदा सुरू केला तेव्हा सर्जेराव सगळ्यात आधी त्याच झाडावर चढले. विजेच्या तारेत घुसलेली फांदी त्यांनी उतरवली आणि पहिल्या कामाची आठवण म्हणून तिचा हातभर तुकडा घरी आणला. तो झाला माझा दांडा. त्यांच्या पत्नीनं, गिरिजाबाईंनी, त्याला वाख बांधला. नाव मात्र कुणी ठेवलं नाही. कुंचा तो कुंचाच. त्यामुळेच की काय, माणसांच्या नावांचं मला फार कुतूहल.

सर्जेरावांची एक रीत होती. वाळकी फांदी उतरवली, खोडाची वाळवी खरवडली, काम मनासारखं झालं, की ते मला गेरूत बुडवायचे आणि खोडाला कमरेच्या उंचीवर एक पट्टा ओढायचे. हा पट्टा कधी म्हणून सरळ यायचा नाही. उमेदीच्या वयात झाडावरून पडून त्यांचा उजवा खांदा उतरला होता. त्यामुळे पट्टा डावीकडं वर निघायचा आणि उजवीकडं घसरायचा. मला सुरुवातीला लाज वाटायची. पण पुढं बघतो तर काय, लोक तो पट्टाच हुडकायला लागले. शेजारीण विचारायची, झाड कुणी नीट केलं? घरमालकीण म्हणायची, पट्टा बघ की. बदनापूरच्या मोसंबीच्या बागांपासून मंठ्याच्या बाजारातल्या चिंचेपर्यंत माझा तिरका पट्टा गेला.

दारावर पाटी होती, 'सर्जेराव लाकूडतोड'. आता हा माणूस हिरवं झाड तोडायला कधी तयार व्हायचा नाही, आणि पाटीवर म्हणे लाकूडतोड. पाटी रंगवणाऱ्यानं लिहिलं ते यांनी राहू दिलं. विचारलं की हसायचे.

दोन पावसाळ्यांमागं सर्जेराव गेले. झाडानं नाही, तापानं नेलं. काम गिरिजाबाईंनी हाती घेतलं. तसं ते त्यांना नवं नव्हतंच. सर्जेराव वर चढायचे तेव्हाही कोणती फांदी ठेवायची आणि कोणती काढायची, हे खाली उभं राहून त्याच सांगायच्या. वर चढायला आता हारुन होता, बरीच वर्षं सोबत असलेला भरवशाचा गडी. पट्टाही तोच ओढायचा, मालकांसारखा तिरका. गिरिजाबाई मला हात लावायच्या नाहीत. डबा सरकवायचा झाला तरी पायानं सरकवायच्या. याचं कारण काय असेल, यावर मी पुष्कळ डोकं चालवलं.

फोन आला की पलीकडचा विचारायचा, "सर्जेराव आहेत का?"

गिरिजाबाई सांगायच्या, ते न्हाईत आता, मी त्यांची घरवाली, काम सांगा. पलीकडून थोडी चुळबूळ, मग बघतो, सांगतो. ते सांगणं काही पुन्हा यायचं नाही. उरले ते पाटी वाचून येणारे. त्यांना अख्खं झाड आडवं करून पाहिजे असायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी हारुननं स्पष्ट सांगून टाकलं. त्याला सळईच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं.

"भाभी, यंदा पावसाच्या आधी काम बराबर लागलं तर मी कुठं जात न्हाई," तो म्हणाला. "न्हाई लागलं, तर मंग मला जावं लागंल."

हारुन गेला म्हणजे धंदा गेला, आणि धंदा गेला म्हणजे गिरिजाबाईंनी घराला कुलूप लावून पुण्याला मुलाकडं, सुमितकडं जायचं, हे ठरल्यासारखंच होतं. सुमित चांगला आहे. पण त्याच्या वरच्या मजल्यावरच्या घरातून झाडाचा फक्त शेंडा दिसतो म्हणे, आणि शेंडा बघत बसणाऱ्यांतल्या गिरिजाबाई नव्हेत.

तेव्हा प्रीतीनं नावाचा विषय काढला. प्रीती त्यांची लेक. बदनापूरला शेतकी शिकून आली आणि आईच्या कामात पडली.

"आई, आपण तोडत न्हाई. मंग नावात तोड कशाला?"

"नावात तुझे बाबा हायेत," गिरिजाबाई म्हणाल्या.

मी डब्यात कान टवकारून पडलेलो. नाव गेलं की त्याच्यासोबत काय काय जातं, हे मला जाणून घ्यायचं होतं. चार दिवस घरात कुणी विषय काढला नाही. पाचव्या दिवशी गिरिजाबाईंनी स्वतःच स्टुलावर चढून पाटी उतरवली, फडक्यानं पुसली आणि कपाटामागं ठेवली.

नवं नाव 'हरितछाया वृक्षसेवा'. हिरवी पाटी आली, हारुनला हिरवा टी-शर्ट आला. गल्लीतल्या मालनबाई म्हणाल्या, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, शिडी तर तीच जुनी दिसतीय. पण हारुन टी-शर्टवर जाम खूश होता.

मग प्रीतीची नजर माझ्या पट्ट्याकडं वळली. गेरूचा वाकडा पट्टा जुनाट दिसतो. त्यापेक्षा पिवळा, सरळ पट्टा घालावा, आणि त्यावर प्रत्येक झाडाचा नंबर. म्हणजे गिऱ्हाइकानं फोनवर नुसता नंबर सांगितला तरी झाड कळेल. विचार काही वाईट नव्हता. मला घासलेटात आंघोळ घालून पिवळ्या ऑइलपेंटात बुडवलं. खोटं कशाला बोलू, मलाही तो रंग आवडला. जन्मभर गेरू खाल्लेला मी, अंगावर हळद आल्यासारखा मिरवत होतो. नंबर घालायला दुकानातून एक बारीक ब्रश आणला होता. तो माझ्याशी बोलायचा नाही.

जुन्या गिऱ्हाइकांपासून सुरुवात झाली. कमरबी तेव्हा मंठ्याला लेकीकडं गेल्या होत्या. किल्ली शेजारी होती, ती तिथल्या नव्या सुनेनं दिली; ती आम्हाला ओळखत नव्हती. हारुननं लिंबाचं काम केलं आणि मी माझ्या आईच्या कमरेला पिवळा पट्टा बांधला. सरळ रेषेत, एक थेंबही न सांडता.

नव्याचे नऊ दिवससुद्धा भरले नाहीत. फोन बंद पडला. आधी निदान सर्जेरावांना विचारणारे होते, आता तेही नाहीत. जे एकदोन फोन आले ते रागाचे. तुम्ही कोणत्या खात्याचे? कुणाला विचारून नंबर टाकला? प्रीती गोंधळली. गिरिजाबाई स्वयंपाकघरात भांडी जरा जोरानंच ठेवायला लागल्या. पुण्याचा फोन मात्र रोज यायला लागला.

कोडं सोडवलं हारुननं. चहाच्या टपरीवर ऐकून आला आणि उंबऱ्यातच बसला. गावाबाहेरचा रस्ता रुंद केला तेव्हा कडेच्या जुन्या झाडांना आधी पिवळा पट्टा आणि नंबर पडला होता. मागून करवत आली. तेव्हापासून लोकांच्या मनात पक्कं बसलंय, नंबर पडला की झाड गेलं. आणि आता अनोळखी नावाची, हिरव्या कपड्यांतली माणसं घरोघरच्या झाडांना नंबर टाकत फिरत होती.

"बदनापूरच्या बागवाल्यानं पट्टे खरवडून काढले," हारुन म्हणाला. "आणि कमरआपा झाडाखाली बाज टाकून बसल्यात. हलून न्हाई राह्यल्या."

गिरिजाबाई उठल्या. घासलेटची बाटली, चिंध्या, गेरूचा डबा, सगळं पिशवीत घातलं. मग थोडं थांबून त्यांनी मला उचललं, त्या वाख बांधण्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा.

प्रीतीही मागून निघाली आणि आम्ही कमरबींच्या बोळात शिरलो. लिंबाच्या खोडाला कमरबींनी आपली जुनी ओढणी गुंडाळली होती, नंबर दिसू नये म्हणून. शेजारी बाज, बाजेवर त्या.

"आ गे गिरिजा," त्या म्हणाल्या. "देख ना, कोन की लोगां आके नंबर डाल गये. सर्जेराव रहते तो ऐसा होने देते क्या?"

गिरिजाबाईंना सोपं होतं. हो म्हणायचं, नंबर पुसायचा आणि घरी यायचं. कुणाला काही कळलं नसतं.

"आपा, नंबर आम्हीच टाकला," त्या म्हणाल्या. "नवं नाव आमचंच आहे."

मला वाटलं, आता दार लागतं.

"नामां तो बदलतेच रहते दुनिया में," कमरबी सावकाश म्हणाल्या. "पर पट्टा कायकू बदले? मैं गाव से आती, अंदर जाने के पहले झाड देखती. पट्टा दिखा की समझती, अपना आदमी आके गया."

प्रीतीनं पुढं होऊन ओढणी सोडली, घडी करून बाजेवर ठेवली आणि घासलेटच्या चिंधीनं स्वतः तो पिवळा पट्टा पुसायला लागली. पुसता पुसता तिचे डोळे वाहत होते. घासलेटचा वास होता म्हणा, पण तेवढ्यानं नव्हे.

खोड स्वच्छ झालं. गिरिजाबाईंनी मला गेरूत बुडवलं आणि पट्टा ओढला. चांगला सरळ आला.

"सीधा हुआ," कमरबी म्हणाल्या. "जरा तिरछा कर."

माझ्यावरची मूठ आवळली. मला वाटलं, बाई आता मला खाली टाकतात. पण त्यांनी उजवा खांदा सैल सोडला, थोडा खाली, तिकडं, जिकडं सर्जेरावांचा उतरलेला असायचा. आणि पुन्हा पट्टा ओढला. डावीकडं वर, उजवीकडं खाली. इतकी वर्षं मी सर्जेरावांच्या हातात होतो, म्हणून सांगतो, अगदी तसाच आला. बाईंना झाडाखाली उभं राहून फांद्याच तेवढ्या दिसत नव्हत्या, नवऱ्याचा खांदाही दिसत होता. म्हणूनच त्या मला शिवत नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. मी फार रडलो. कुंचा रडला तर गेरूचे ओघळ येतात, ते त्यांनी बोटानं पुसले.

त्यानंतर बाकीची घरंही झाली. प्रत्येक दारी आधी चूक कबूल करायची, पिवळं पुसायचं, तिरका पट्टा ओढायचा, आणि मग तोंडानं नवं नाव सांगायचं. प्रीतीनंच ही रीत घातली. काहींनी दार उघडलं नाही, ते गेलेच. पण कमरबींनी बोळभर सांगितलं आणि त्यांच्या तोंडापुढं भोंगा फिका. हिरवी पाटी तशीच राहिली, नावही तेच. फक्त नावाखाली प्रीतीनं माझ्याकडून एक तिरका गेरूचा पट्टा ओढून घेतला. हारुननं कारखान्यात निरोप पाठवला, यंदा न्हाई जमत.

आता माझं वय झालंय. जुने केस झडले, गेल्या आठवड्यात प्रीतीनं नवा वाख बांधला. आता मी तोच की दुसरा, हे कोडं मी अजून सोडवतोय. दांडा म्हणतो तोच, केस म्हणतात आम्ही तर परवाच आलो. तुम्हाला एकच मागणं आहे. नाव बदला, खुशाल बदला. पण लोक ज्या खुणेवर विसंबून घरात शिरतात ती आधी हुडका, आणि तिला धक्का लावू नका.

परवाचीच गोष्ट. दुपारी फोन वाजला. मी वाळत उंबऱ्याशी पडलेलो, त्यामुळे पलीकडचा आवाज स्वच्छ ऐकू आला. मंठ्याकडचा कुणी गृहस्थ होता. त्याच्या पाहुण्याच्या चिंचेवर त्यानं पट्टा बघितला होता. त्यानं सर्जेरावांना विचारलं नाही, हरितछायाही म्हणाला नाही.

"गिरिजाबाई आहेत का?" त्यानं विचारलं.

बाईंनी पदरानं हात पुसला. कपाटाकडं एकदा बघितलं, ज्याच्या मागं जुनी पाटी आहे तिकडं. मग फोन नीट कानाला लावला.

"हां," त्या म्हणाल्या. "मी गिरिजाबाई बोलून राह्यले."