पाळणाघरातला पुकारा

मास्तरांनी कापलेल्या गठ्ठ्यातली सगळ्यात वरची बाही उचलली आणि आपल्या उजव्या दंडावर लावून पाहिली. ती बसली नाही. डाव्या दंडावर लावली, तर जावयासारखी ऐटीत बसली. मग त्यांनी गठ्ठ्याच्या मधून एक बाही ओढली, तळातून एक ओढली. तीही डावी, हीही डावी. कापड सगळे सुलटेच अंथरले गेले होते आणि साचा उलटवायचा राहून गेला होता. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या डाव्या बाह्या पडल्या होत्या.

शेजारी उभ्या असलेल्या, माल तपासणाऱ्या चेकरबाईंनी दोन्ही हात पोटावर बांधले. काही लागेल असे बोलायचे असले की त्या आधी हात बांधत.

“मास्तर, हे शर्ट घालणाऱ्याला दोन्ही हात एकाच बाजूला असायला हवेत.”

मास्तर हसले नाहीत. शर्टांच्या या कारखान्यात कापड कापण्यात त्यांची उभी हयात गेली होती. मास्तरांच्या कात्रीला डोळे आहेत, असे शिलाईच्या बायका नव्या मुलींना सांगत. ते खरेही होते, फक्त अलीकडे ते डोळे कारखान्यात नसत. ते घरी असत, खिडकीपाशी.

घरी बाबा होते. बाबांची सारी नोकरी कोर्टात पक्षकारांची नावे पुकारण्यात गेली होती. पांढरा पोशाख, कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा आणि आवाज असा की समोरच्या उपाहारगृहात डुलकी काढणारा साक्षीदार दचकून उभा राहावा. आता बाबा काय जेवले ते विसरत, आई जाऊन किती काळ लोटला ते विसरत, मुलाचा चेहरासुद्धा विसरले होते. मास्तरांना ते कधी वकीलसाहेब म्हणत, कधी नुसतेच “ओ, कोण आहे” म्हणत. कोर्टाची वेळ मात्र विसरत नसत. रोज सकाळी पोशाख चढवून दाराशी उभे राहत, आणि दाराला कुलूप दिसले की खिडकीत येऊन तिथूनच पुकारा देत. ज्याचे नाव तोंडात येईल त्याचा. एकदा रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थाचे नाव योगायोगाने जुळले. त्याची खरीच कुठेतरी जमिनीची केस चालू होती. तो बिचारा पांढराफटक पडून पायरीवर बसला आणि मास्तरांच्या बायकोला त्याला साखरपाणी द्यावे लागले.

बायको विमा कचेरीत होती. तिच्या रजा केव्हाच तळाला गेल्या होत्या. सकाळी ती उशिरा निघे, दुपारी मास्तर लवकर परतत, आणि मधल्या वेळात खालच्या मजल्यावरच्या काकू बाबांकडे बघत. पण काकूंनीही हात टेकले होते. चहाचा कप घेण्याआधी बाबा त्यांना, खरे सांगेन, खोटे सांगणार नाही, अशी शपथ घ्यायला लावत. आणि एकदा शपथ घेतल्यावर दुधात पाणी किती घातले ते विचारत.

हे सगळे मास्तरांनी कारखान्यात कोणालाही सांगितले नव्हते. ज्या माणसाच्या एका हाकेने भलेभले उभे राहिले, तो आता पावाला साबण लावून खातो, हे चारचौघांत कसे बोलायचे? त्यामुळे लवकर निघायचे झाले की मास्तर दातावर हात ठेवत. आज दाढ काढायची आहे, उद्या तिच्या शेजारची. दात हे दुखणे सोयीचे होते. तोंड बंद ठेवले की कोणाला तपासता येत नसे.

डाव्या बाह्यांची बातमी मालकीणबाईंच्या कानावर जायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मास्तरांना वर बोलावणे आले.

मालकीणबाईंना कोणी चिकट म्हणत, पण ती त्यांची थोडी स्तुतीच होती. जमिनीवर पडलेली टाचणी त्या स्वतः वाकून उचलत आणि ती कोणाच्या टेबलाखाली सापडली ते लक्षात ठेवत. त्यांच्या घशात सध्या अडकलेले सगळ्यात मोठे हाड म्हणजे खालच्या मजल्यावरचे पाळणाघर. परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली म्हणून ते काढावे लागले होते. भिंतींवर ससे रंगवले होते, छोट्या खुर्च्या होत्या, मुलांना सांभाळायला एक ताई ठेवली होती. मुले मात्र तीनच होती, आणि तिन्ही एकाच शिलाईवालीची. बाकीच्या बायका कोणाला सासूकडे, कोणाला शेजारणीकडे ठेवून येत. या बाईंनी फुकट दिलेली वस्तू खरोखर फुकट असेल, यावर कोणाचा विश्वासच बसत नव्हता. पुढेमागे कशातून तरी कापून घेतील, असे सगळ्यांचे एकमत होते. ताई दिवसभर स्वेटर विणत बसे.

मालकीणबाईंनी मास्तरांना बसा म्हटले नाही.

“मास्तर, माणसाच्या तोंडात दात किती असतात?”

त्यांनी हजेरीची वही पुढे ओढली.

“तुम्ही या वर्षात इतके काढवलेत की तुमच्या शेजाऱ्यांचेही संपले असतील.”

मास्तरांची जीभ नकळत दातांवरून फिरली. सगळे जागच्या जागी होते. त्यांनी गळ्यातली मोजपट्टी काढली, तिची नीट गुंडाळी केली आणि ती टेबलावर ठेवली.

“मी काम सोडतो, बाई.”

“सोडून काय करणार?”

“घरी बसणार.”

“घरी काय आहे?”

मास्तरांनी नेहमीच्या सवयीने गालाकडे हात नेला आणि अर्ध्यावरूनच खाली आणला.

“बाबा,” ते म्हणाले.

एकदा तो शब्द बाहेर पडल्यावर बाकीचे शिवण उसवावी तसे आपोआप निघत गेले. खिडकी, कुलूप, साबण, काकूंची शपथ, सगळे. मालकीणबाई ऐकत होत्या. बोटातला रबर ताणायचा आणि सोडायचा, एवढेच चालू होते. शेवटी त्यांनी रबर मनगटात घातला.

“चालते-फिरते आहेत?”

“तीच तर पंचाईत आहे.”

“उद्या घेऊन या त्यांना.”

“कुठे?”

“खाली. पाळणाघरात. ताईचा पगार चालू आहे, दिवे चालू आहेत, ससे भिंतीवर बसलेत. कोणाचा तरी उपयोग होऊ दे.”

“पण ते लहान मुलांसाठी आहे.”

“नियमात ‘कामगारावर अवलंबून असलेली व्यक्ती’ असं म्हटलंय. वय घालायला विसरलेत. मी सगळं वाचलंय, आपला काही फायदा निघतो का बघायला.”

मास्तरांनी हात जोडले. “बाई, तुमचं मन फार…”

“मनाला मध्ये आणू नका. माझं कापड महाग आहे,” मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोजपट्टी त्यांच्याकडे सरकवली. “असा कापणारा मला दुसरा मिळायचा नाही. आणि मिळाला तर त्यालाही बाप असेलच.”

दुसऱ्या दिवशी मास्तर बाबांना घेऊन आले. पोशाख काढायला बाबा तयार नव्हते, त्यामुळे पितळी बिल्ल्यासकट आले. दारावरच्या पहारेकऱ्याने बिल्ला पाहिला आणि खाडकन सलाम ठोकला. तपासणीसाठी कोणी अधिकारी आले, अशी आत कुजबुज पोचली. मशिनी एकेक करून थंडावल्या. चेकरबाईंनी टेबलावरचा फराळाचा डबा पायाखाली सरकवला. बाबा दोन्ही रांगांकडे बघत, मान हलवत, सगळ्यांना बसा बसा म्हणत मधून पलीकडच्या, खाली उतरणाऱ्या जिन्याकडे चालत गेले. मागून मास्तर चालत होते आणि त्यांना कानशिलापर्यंत घाम फुटला होता.

पाळणाघराच्या दारात बाबा थांबले. त्यांनी सशांकडे पाहिले, छोट्या खुर्च्यांकडे पाहिले आणि हलक्या आवाजात ताईला विचारले,

“आज साहेब कोण आहेत?”

ताई नोकरीला नवी होती, पण अक्कल जुनी होती. शिलाईवालीचे धाकटे उंच खुर्चीत बसून लाळेऱ्याचे टोक चघळत होते. तिने त्याच्याकडे बोट केले.

बाबांनी लवून नमस्कार केला. साहेब काहीतरी बडबडले आणि त्यांनी टोपी खाली फेकली.

“आज तारखाच देणार दिसतात,” बाबा म्हणाले आणि दाराशेजारी जाऊन उभे राहिले.

मग त्यांनी ताईकडून उरलेल्या दोघांची नावे विचारून घेतली आणि थोरल्या मुलाचा पुकारा दिला. तीनदा, चढत्या आवाजात, शेवटी “हाजीर हो” लांबवून. वर शिलाईच्या मजल्यावर सुया थांबल्या. पोराला जन्मापासून सगळ्यांनी ढब्बू म्हणून हाक मारली होती. आपले नाव एवढे मोठे आहे हे त्याला त्या दिवशी कळले. तो उठून उभा राहिला, छाती काढून पुढे आला, साहेबांसमोर थोडा थांबला आणि परत आला. आल्या आल्या म्हणाला, “आजोबा, परत.”

घरी जाऊन ढब्बूने वस्तीतल्या साऱ्या पोरांना ते करून दाखवले. आठवडा संपायच्या आत चार बायकांच्या पोरांनी घरात भोकाड पसरले की आम्हालाही कोर्टात जायचे. एकदा एक आले, मग त्याच्याबरोबर दुसरे. बायका आधी भीत भीत आणत आणि संध्याकाळी पगारातून कापणार का म्हणून ताईला विचारत. महिना झाला, कोणाचे काही कापले गेले नाही, तशा निर्धास्त झाल्या. खुर्च्या कमी पडू लागल्या आणि ताईचा स्वेटर एका बाहीवरच अडकला.

सगळेच दिवस काही गोड नव्हते. दुपार कलली की बाबांना कधी कधी आईची आठवण येई, आणि ही म्हणजे त्यांची स्वतःची आई. मग ते दार शोधत. ताई त्यांना मुलांच्या ओळीत आडवे करी. एकदा ते कोणाचेच ऐकेनात, तेव्हा एका चिमुरडीने त्यांचे बोट धरले आणि कोर्ट अजून सुटले नाही, असे सांगितले. बाबांनी तिला सॉरी म्हटले. थोड्या वेळाने ते पोरांच्या ओळीत तोंड उघडे टाकून घोरत होते आणि त्यांच्या काखेत तिची बाहुली होती.

कारखान्यात निराळाच परिणाम दिसू लागला. सकाळी जे मूल आले नसेल त्याचा पुकारा तीनदा होई आणि मग “गैरहजर” हा शब्द जिन्यावरून थेट वर जाई. सुपरवायझरने वर्षानुवर्षे शिट्टी फुंकून जे साधले नव्हते ते त्या एका शब्दाने साधले. बायका पोराला काखोटीला मारून धावत येऊ लागल्या. मास्तरांची कात्री पुन्हा रेषेवर आली. त्यांची बायको वर्षभराने पहिल्यांदा कचेरी सुटेपर्यंत आपल्या खुर्चीत बसली. घरी येऊन तिने कोणाला काही न सांगता सिनेमाची दोन तिकिटे काढली, तेवढ्यापुरते काकूंना बाबांपाशी बसवले, आणि सिनेमात दोघेही पहिल्या गाण्याआधीच झोपले.

मालकीणबाई काही ना काही निमित्ताने खाली येत. कधी दिवा उगाच जळतो म्हणून, कधी नळ गळतो म्हणून. दारात उभ्या राहून बघत आणि कुरकुरत निघून जात. म्हाताऱ्याच्या वजनाने छोटी खुर्ची मोडेल, तो खर्च कोण सोसणार, असे बडबडत त्यांनी हातांची मोठी खुर्ची पाठवून दिली. परदेशी गिऱ्हाइकाची माणसे आली तेव्हा, ही कल्पना मुळापासून माझीच, असे त्यांनी न अडखळता सांगितले. ते ऐकताना चेकरबाईंनी हात बांधले होते, पण त्या काही बोलल्या नाहीत.

एके दिवशी मोठ्या ऑर्डरचे कापड उशिरा आले आणि मास्तरांना खाली यायला वेळ लागला. बायका आपापली मुले घेऊन गेल्या होत्या. ताई खेळणी टोपलीत भरत होती. बाबा एकटेच दाराशेजारच्या खुर्चीत ताठ बसले होते.

“चला,” मास्तर म्हणाले.

बाबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. आवाज अदबीचा होता, पण ओळखीचा नव्हता.

“कोणाला न्यायला आलात?”

मास्तरांनी ताईकडे पाहिले. ताई टोपलीत वाकली होती.

“इथून असं कोणालाही नेता येत नाही,” बाबा समजुतीने म्हणाले. “पुकारा व्हावा लागतो. नाव सांगा.”

मास्तरांनी गळ्यातल्या मोजपट्टीचे टोक बोटाला गुंडाळले. लहानपणी ते दिवसभर गुणगुणत असत, म्हणून बाबांनी त्यांना एक नाव ठेवले होते. ते नाव उच्चारणारे आता कोणी उरले नव्हते.

“भुंगा,” ते म्हणाले.

बाबा उठले. त्यांनी पट्टा सारखा केला, घसा साफ केला आणि रिकाम्या खोलीकडे तोंड करून पुकारा दिला. तीनदा, चढत्या आवाजात. शेवटचा “हाजीर हो” जिन्यावरून वर गेला, बंद मशिनींमधून फिरला आणि विरला. बाबा कान देऊन उभे राहिले.

“आलो,” मास्तर म्हणाले. पण इतके हळू की ते बाबांच्या पाठीपर्यंतही पोचले नाही.

बाबांनी आणखी थोडी वाट पाहिली. मग ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“तो असाच आहे. वाटेत काहीतरी बघत उभा राहिला असेल,” ते म्हणाले. “पण येतो. बसा तुम्ही.”

आणि त्यांनी एक छोटी खुर्ची मास्तरांपुढे सरकवली. मास्तर गुडघे छातीशी घेऊन तिच्यावर बसले. ताईने खोलीतले दिवे मालवायला हात वर नेला होता, तो तिने खाली घेतला.