गाऱ्हाण्यातली दोन नावं

बस रे बाबू. चप्पल काढ, मांडी घाल, आणि तो मोबाईल जरा पालथा ठेव. आज तुला उत्तम मेस्ताची गोष्ट सांगतो. हसायची नाही ती, आधीच सांगून ठेवतो. पण ऐकलीस की तुझ्या पोटात राहील, जेवण उतरेल आणि ती राहील.

तर उत्तम दार तासत होता. मस्कतजवळ अल अमेरातला, जाफरच्या घरी, शुक्रवारची नमाज झाल्यावर. जाफर म्हणजे गाला भागात उत्तम कामाला आहे त्या वर्कशॉपातला पिकअपचा ड्रायव्हर, बलोची माणूस, उत्तमच्या ताटातलं सुकं मटण बिनधास्त उचलणारा. त्याच्या घराचं पुढचं दार खाली घासत होतं. उत्तमनं ते बिजागऱ्यांतून सोडवलं, अंगणात दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि रंधा चालवायला लागला. डाव्या हातानं. उत्तम डावरा, त्याचा आजापण डावरा.

जाफरची आजी गुलबीबी उंबऱ्यात चटईवर बसली होती. ऐंशीच्या पुढची बाई. मत्रह बंदराच्या बाजारातली जुनी हिंदी बोलायची, अडली की बलोचीत घुसायची, मग जाफर सांधा जोडून द्यायचा.

"ऐ मेस्त्री, ये उलटा हाथ किसका?" ती म्हणाली.

"मेराच है माँजी," उत्तम हसला. "मेरे दादा का भी ऐसाच था. इधरीच मत्रह में होडी का काम करता था, लड़ाई के टाइम में."

म्हातारीच्या हातातली तसबीह, जपाची माळ, थांबली. तिनं जाफरला बलोचीत काहीतरी सांगितलं. जाफरचं तोंड उतरलं.

"बोलती है दरवाजा बंद करो."

"दरवाजा तो इधर है," उत्तमनं स्टुलांवरचं दार दाखवलं.

मग जाफरनं बायकोला आणि पोरांना शेजारी धाडलं, चौकटीला पलंगावरची चादर अडकवली आणि हळूच म्हणाला, "उत्तमभाई, ये बात हमारे घर में नहीं निकलती. सब को मालूम है दादी मकरान से आयी. कैसे आयी, कोई नहीं पूछता."

आता मध्येच तुला देवगडकडं नेतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उत्तमचा आजा रावजी मेस्त लढाई संपल्यावर मस्कतहून गावी आला. त्याच्याआधी गावचा एक खलाशी येऊन पोचला होता. त्यानं सांगून ठेवलेलं, की मी डोळ्यांनी बघितलं, रावजी गुलामांचे मचवे दुरुस्त करतो, माणसं पळवून विकणाऱ्यांच्या पंगतीला जेवतो. गावकरांनी, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांनी, रावजीला देवळात बोलावलं. देवापुढं नारळ ठेवला. म्हणाले, उचल आणि सांग, माझ्या हाताला माणसाचं पाप नाही. रावजीनं नारळाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि नारळ तिथंच ठेवून घरी गेला.

झालं. मेस्तांचा जत्रेतला मान गेला. गाऱ्हाण्यात सगळ्या घरांच्या मागच्या माणसांची नावं घेतात, त्यातून रावजीचं नाव गळलं. उत्तमचा बाप धनंजय लहानपणापासून 'माणूसविक्याचा' म्हणून ऐकत म्हातारा झाला. आता खाटेवर होता. त्याचं मागणं एकच, मरायच्या आधी बापाचं नाव एकदा गाऱ्हाण्यात ऐकायचं. गावकर म्हणाले, तिकडचा कुणी सांगणारा आणा. सत्तर वर्षांनी सांगणारा कुठून आणायचा? उत्तम मत्रहच्या बाजारात जुन्या गुजराती दुकानदारांकडं जाऊन जाऊन थकला होता. आणि इथं दार तासता तासता सांगणारी समोर बसलेली.

गुलबीबी सांगायला लागली. मकरानच्या, म्हणजे समुद्रापलीकडच्या बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरून तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, नाझोला, उचललं. लाकडं वेचायला गेल्या होत्या. मचव्यात घातलं, इकडच्या किनाऱ्याला आणलं. पुढं दूर नेऊन विकायचं होतं. तेव्हा गोऱ्यांची जहाजं लढाईच्या मागे, मचव्यात खजूर आहे का माणसं हे बघायला कुणाला सवड? मचवा वाळूवर ओढला आणि दुरुस्तीला मत्रहहून एक हिंदू आणला. डाव्या हातानं लाकूड तासायचा वाकस चालवणारा.

"वो अपना आदमी था," गुलबीबी म्हणाली. "पर हमको तब क्या मालूम."

हे तिला मागाहून कळलं, सुटल्यावर ज्या पाणीवालीनं तिला वाढवलं तिच्याकडून. ती पाणीवाली, एक धोबी, गोऱ्या साहेबाच्या कचेरीतला एक आचारी आणि रावजी. एवढीच माणसं. एकमेकांना रस्त्यात ओळख दाखवायची नाही. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवतात ना, रावजी एका फटीत तो कोराच बसवायचा. वरून बोट फिरवलं तरी कळायचं नाही. मत्रहला परतला की पाणीवालीला मचव्याची खूण सांगायचा. ती धोब्याला, धोबी आचाऱ्याला. भर समुद्रात मचवा पाणी घ्यायला लागला की नाखव्याला जवळचं बंदर एकच, मत्रह. तिथं साहेबाची माणसं धक्क्यावर उभी.

उत्तमच्या हातातला रंधा खाली आला. डोळे भरले त्याचे. "जाफर, सुन रहा है? मेरा दादा..."

"रुको," जाफर म्हणाला. "अभी खतम नहीं हुआ."

त्या दिवशी वारा उलटा पडला. मत्रह दिसेना आणि पाणी चढत चाललं. नाखव्यानं आधी खजुराची पोती टाकली. मग नाझोला तापानं फणफणलेलं बघितलं. आजारी पोर कोण घेणार? म्हातारी एवढं बोलली आणि तिनं दोन्ही तळवे उलटे करून मांडीवर ठेवले.

उत्तम दार सोडून तिच्यापुढं खाली बसला.

"धक्क्यावर तो उभा होता," ती आता बलोचीतच बोलत होती आणि जाफर मान खाली घालून सांगत होता. "आम्ही उतरलो. लोक रडत होते, साहेबाच्या माणसांचे पाय धरत होते. तो हिंदू एकेकाचं तोंड बघत होता. मचवा सांधताना त्यानं नाझोला बघितलं होतं, कपाळाला हात लावून बघितलं होतं. माझ्यापुढं आला. माझी भाषा त्याला येत नव्हती. त्यानं हात असा गुडघ्याएवढा खाली धरला. एवढीशी कुठाय? मी समुद्राकडं बोट केलं."

चादर वाऱ्यानं फुगली आणि परत चौकटीला चिकटली.

"उसके बाद वो कभी हमारे सामने नहीं आया," जाफरनं संपवलं.

उत्तमनं तसबीह धरलेल्या त्या हाताला हात लावला. माफी मागायची होती त्याला, पण कुणाच्या वतीनं आणि कशाची, तेच धड कळेना. म्हातारी मात्र भलतंच विचारत होती.

"उसका नाम क्या था?"

"रावजी."

"रावजी," तिनं म्हणून बघितलं. मग म्हणाली, तुम्ही तुमच्या मेलेल्यांना हाक मारता ना, पाणीवाली सांगायची. माझ्या नाझोची कबर नाही. तिला कुणी हाक मारत नाही.

उत्तमनं दार बसवलं. जाताना दोनदा उघडून लावून बघितलं, घासत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी त्यानं गावी फोन लावला. चुलतभाऊ नंदूनं गावकरांना देवळात जमवलेलं, धनंजयला खुर्चीवर बसवून उचलून आणलेलं, फोन स्पीकरवर.

"दादा, बोल. सगळे आसत हयसर," नंदू म्हणाला.

उत्तमनं सांगितलं. मचवे, कोरा कापूस, पाणीवाली, धक्का. गावकर मध्येच म्हणाले, "पुरे, पुरे रे उत्तम! देवमाणूस होतो तुझो आजो. नाव घेतलाच."

इथं थांबला असता तर कोण विचारणार होतं? गड जिंकल्यासारखं झालं होतं त्याला. कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "अजून आसा." आणि नाझोचं सांगितलं.

 मग गावकर म्हणाले, "ह्या कित्याक सांगलंस? आता कसा करूचा? पोर बुडाला ना त्येच्यामुळा."

तेवढ्यात धनंजयचा आवाज आला, कापरा, पण सगळ्यांच्या वर.

"म्हणान बापाशीन नारळ उचलल्यान नाय."

उत्तम म्हणाला, "घेतलात तर दोघांचा नाव घ्या. आज्याचा एकट्याचा नको. नायतर रवांदे."

खूप वाद झाला बाबू. परक्या मुलखातली, मुसलमानाची पोर, तिचं नाव आपल्या देवापुढं कसं, असं. पण धनंजय खुर्चीवरून हलेना. शेवटी गावकर कबूल झाले.

गेल्या जत्रेला गाऱ्हाणं झालं. नंदूनं फोनवर ऐकवलं उत्तमला. रावजी मेस्ताचं नाव गावकरांनी खणखणीत घेतलं आणि सगळं देऊळ म्हणालं, "व्हय म्हाराजा!" मग दुसरं नाव आलं, ओठातल्या ओठात. नाझो. देऊळ गप्प. एकच आवाज उठला, खुर्चीवरच्या म्हाताऱ्याचा. "व्हय म्हाराजा."

धनंजय आषाढात गेला. उत्तमला दिवसकार्याला जेमतेम सुट्टी मिळाली, आता जत्रेला त्याचा अर्बाब, मालक, सोडणार नाही. तू मात्र जत्रेला गावी चाललायस. घरी खाऊ नेशील, पोरांना बॅटऱ्यांची खेळणी नेशील, नेच. पण गाऱ्हाण्याला पुढं उभा राहा. रावजीच्या नावानंतर गावकर आवाज बारीक करतील, तिथं कान दे. सगळे गप्प बसतील. तू बसू नकोस रे बाबू. मोठ्यानं म्हण.