निळ्या जाळीच्या सुटत्या गाठी

मित्रांनो, मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. तशी मी साधीच, निळ्या दोरीच्या गाठी मारून विणलेली मोठी जाळीची पिशवी. कार्ले गावात सोपानआबांच्या घरी खुंटीला टांगलेली असते. दोन वर्षांत माझा रंग विटला, पण भीती काही विटली नाही.

मला घडवलं अनिताने. अनिता ही आबांची सून. आबा स्वतः जाळ्या विणण्यात तरबेज. बांधावरच्या घायपाताची पानं कुजवायची, धुवायची, त्यांचा वाख, म्हणजे चिवट धागा, काढायचा आणि मांडीवर दोरी वळायची. त्यांच्या जाळीत पेंढ्याचा केवढाही भारा भरा, गाठ जागची हलायची नाही. अनिता घरातली कामं उरकता उरकता त्यांच्या हातांकडे बघायची. बघून बघून शिकली, विचारलं मात्र कधी नाही. सासऱ्यांना कसं विचारायचं, हा तिचा संकोच. आणि विचारल्याशिवाय का सांगायचं, हा त्यांचा ताठा!

मग एकदा तिचा नवरा कैलास नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यातून टाकाऊ नायलॉनची दोरी घेऊन आला. अनिता हरखली. बांबूची चपटी पट्टी घेतली, पट्टीभोवती दोरी, जाळीच्या मागच्या घरातून, म्हणजे फासातून, टोक, एक वेढा, ओढ आणि गाठ. चार दुपारी खपून तिने मला पुरी केली. मी काय देखणी दिसत होते म्हणून सांगू! शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, "अगं, बाजारात ठिवलीस तर हातोहात जाईल."

अनिताने मला कौतुकाने आबांपुढे धरलं. आबांनी मान फिरवली. "असल्या पलास्टिकला मी हात लावायचा न्हाई," म्हणाले. आणि खरंच लावला नाही. दोन वर्षं!

तिथेच घात झाला. घायपाताची दोरी खरखरीत. तिला एका वेढ्याची गाठ पुरते, आणि भिजली की ती आणखी आवळते. मी पडले गुळगुळीत. मला दोन वेढे हवे होते. अनिताने आबांसारखा एकच वेढा घेतला, जीव खाऊन ओढला, आणि गाठ पक्की बसली असं तिला वाटलं.

माझ्या तळाच्या गाठी सरकतात, हे मला पहिल्यांदा कांदे भरले तेव्हाच कळलं. तेव्हापासून जिवाला घोर लागला. नारळ ठेवले की धस्स. बटाटे ठेवले की धस्स. "काय मजबूत हाय गं!" असं कुणी म्हटलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ओरडून सांगावं, तर पिशवीला तोंड असतं ते फक्त भरायला.

यंदा भाताची लावणी चालू होती. अनिताची लेक प्रेरणा तेव्हा सात महिन्यांची. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे तान्ह्या पोरांना झाडाला झोळी बांधून निजवतात. त्या दिवशी झोळीचं लुगडं भिजून चिंब झालं, म्हणून अनिता घरी येऊन मला घेऊन गेली. तिने मला बांधावरच्या आंब्याला टांगलं, आत गोधडी घातली आणि लेकीला ठेवलं.

मित्रांनो, माझी काय गत झाली असेल! खाली बांधाचे धोंडे, वरून पावसाची भुरभुर. अनिता झोका देऊन चिखलात उतरली. कांदे निदान गप्प पडून राहायचे, हे लेकरू पाय झाडत होतं. दर झोक्याला तळाची एक गाठ जवभर सुटत होती. "नको गं हलूस, बाई," मी मनात विनवत होते, आणि ती माझ्या जाळीतून बोटं काढून खिदळत होती. अनिता पाठमोरी, वाकलेली. मला वाटलं, या बाळाचा जीव माझ्यापायी जाणार.

तेवढ्यात प्रेरणाने भोकाड पसरलं. आबा बांधावर तंबाखू मळत बसले होते.

"ए अनिता, पोर रडतीया!"

"आबा, जरा झोका द्या की! माजं हात चिखलानं भरल्यात."

आबा कुरकुरत उठले. आणि मला हात लावायला नको म्हणून चक्क फांदी हलवू लागले! तळाची गाठ आणखी सरकली. सोडा हो आबा तो ताठा, एकदा तरी हात लावा! पोरगी जास्तच रडायला लागली. नातीपुढे आजोबाचं काय चालणार? शेवटी त्यांनी माझ्या तळाला हात घातला, आणि त्यांचा अंगठा तिथेच थबकला.

जन्मभर जाळ्या विणलेला माणूस तो. गाठ डोळ्यांनी नाही, अंगठ्याने बघायची सवय. "अनिता, पळत ये! गाठ सुटली!" असं ओरडत त्यांनी दोन्ही हात खाली धरले. त्याच क्षणी ती गाठ निसटली. मग शेजारची, मग तिसरी. गोधडीसकट प्रेरणा आबांच्या हातांत पडली.

अनिता धडपडत आली. लेकीला छातीशी धरून तिचे हातपाय चाचपू लागली. "आबा, माजं चुकलं. हिला आजच चुलीत घालते."

आबांनी माझी सुटलेली दोरी अंगठ्याखाली धरली. "तुजी गाठ चुकली पोरी, पन मी दोन वर्सं रुसून बसलो. येकदा हात लावला असता तर तवाच कळलं असतं. चुलीत नगं घालू, उसव. दोन वेढं कसं घ्यायचं ते दावतो."

दुसऱ्या दिवशी अनिताने माझी एकेक गाठ सोडली. जीव जातोय असंच वाटलं मला. मग अनिता गाठ मारी आणि आबांपुढे धरी. आबा अंगठ्याने चाचपत, ओढून बघत. "पुन्ना मार," म्हणत. ती पुन्हा मारी.

आता मी धड आहे. प्रेरणाला मात्र परत कुणी माझ्यात ठेवलं नाही. त्याचं वाईट वाटतं, आणि खरं सांगते, हायसंही वाटतं.

मित्रांनो, कशावरही जीव सोपवण्याआधी त्यावरून एकदा हात फिरवा. आणि घरात कुणी रुसून बसलं असेल, तर जाऊन विचारा. आमच्या घरात दोन मोठी माणसं एकमेकांशी मोकळेपणी बोलली नाहीत, आणि धोंड्यांवर पडणार होतं ते बोलताही न येणारं लेकरू.